बांबू, लोखंड आणि बिनगिअरची सायकल : कोल्हापूर परिसरातील कारागिरीच्या इतिहासाचा एक वेध

प्रास्ताविक

दक्षिण महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात सायकलीला महत्त्वाचे स्थान आहे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ मध्ये बेळगाव येथे काढलेल्या सायकलीच्या दुकानापासून मानतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) आणि त्यांचे बंधू रामचंद्रपंत यांच्या या दुकानातून पुढे लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. याच प्रदेशाच्या पश्चिमेस सह्याद्रीचा बांबूचा पट्टा आहे. बांबू फोडणारा, तासणारा आणि विणणारा बुरूड समाज येथे पिढ्यानपिढ्या राहत आला आहे. असे असूनही या भागात सायकल आणि बांबू यांची गाठ शंभर वर्षांहून अधिक काळ पडली नाही. ती का पडली नाही आणि आज घरच्या घरी बांधल्या जाणाऱ्या बिनगिअरच्या बांबू सायकलीत ती पडत असताना तिचा अर्थ काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बांबूच्या सायकलीचा उगम

बांबूची सायकल ही आजची कल्पना नव्हे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमध्ये समान आकाराच्या दोन चाकांची आणि मागील चाकास साखळीने गती देणारी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांच्या हवा भरलेल्या धावेची तिला जोड मिळाली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८९४ मध्ये, लंडनमध्ये बांबूच्या सायकली प्रदर्शनात मांडल्या गेल्या. त्याच वर्षी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

या आरंभीच्या सायकलींत बांबूच्या नळ्या धातूच्या खोबणींत बसविलेल्या असत. बांबू वाळला की आकसतो, धातू आकसत नाही. त्यामुळे सांधे सैल होण्याचा धोका राही. दुसरीकडे पोलादी नळी कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागली आणि तिची किंमत उतरली. बांबू मागे पडला. कॅलिफोर्नियातील क्रेग काल्फी यांनी १९९५ मध्ये बांबूचा सांगाडा नव्या पद्धतीने बांधला, तेव्हा या विषयास पुन्हा चालना मिळाली. धातूच्या खोबणीऐवजी राळेत भिजविलेल्या तंतूंचे वेष्टन हा या पद्धतीचा गाभा होय. पुढे घानासारख्या देशात बांबू सायकल हे रोजगाराचे साधन बनले. महाराष्ट्रात भारतीय वायुसेनेतील निवृत्त अधिकारी शशिशेखर पाठक यांनी पुणे परिसरात 'बांबूची' या नावाने अशा सायकली घडविल्या. या नावात वस्तूच्या द्रव्याचा उल्लेख आहे; ते द्रव्य हाताळणाऱ्या कारागिराचा मात्र नाही. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कोल्हापूर : शेजारी असलेल्या दोन परंपरा

कोल्हापूरच्या सांस्कृतिक जीवनात बांबूचे स्थान उघड आहे. चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरी येथील जोतिबाच्या यात्रेत नाचविल्या जाणाऱ्या उंच सासनकाठ्या बांबूच्याच असतात. एवढी उंच काठी वाऱ्यात वाकते, झुलते, पण सहसा मोडत नाही. बांबूच्या या गुणाचे प्रात्यक्षिक लाखो भाविक दरवर्षी पाहतात. चंदगड, आजरा या तालुक्यांत आणि घाटाखालील सिंधुदुर्गात आढळणारा माणगा हा बिनकाटेरी आणि जवळजवळ भरीव बांबू आहे. काटेरी कळक आणि जाड सालीचा मानवेल याही जाती परिचित आहेत. सूप, रोवळी, दुरडी, डालगे, कणगी ही घरातील व शेतातील भांडी बुरुडाच्या हातून येत. कोणता बांबू कोवळा, कोणता जून, कोणत्या हंगामात तोडलेल्यास कीड लागते, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते हातात होते.

लोखंडाची परंपरा त्यामानाने अलीकडची, परंतु वेगाने वाढलेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई झाली असता शाहू महाराजांनी नांगरांसाठी किर्लोस्करांना जुन्या तोफा दिल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. पुढे कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात ओतशाळा, लेथ आणि तेलइंजिनांचे कारखाने उभे राहिले. यातील अनेक मेस्त्रींनी औपचारिक शिक्षण न घेता यंत्र उघडून, पाहून आणि पुन्हा जोडून विद्या मिळविली. सायकलीचे दुकान ही या विद्येची बालशाळा होती. चाकाचा आउट काढणे, स्पोक ताणणे, फ्रीव्हील उघडून छर्रे बदलणे या कामांतून अनेक मुलांच्या हाती प्रथमच पाना आला.

या दोन परंपरा एकाच शहरात नांदत असताना त्यांच्यातील अंतर सामाजिक होते. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बलुतेदारीचे बंधन रद्द करून व्यवसायस्वातंत्र्याचा मार्ग खुला केला. त्याचा लाभ लोखंडाला मिळाला. ओतशाळेत आणि लेथवर निरनिराळ्या जातींचे तरुण आले, कारण यंत्राला प्रतिष्ठा होती. बांबूकामाकडे मात्र बाहेरचे कोणी वळले नाही. ते काम जन्माशी जोडलेलेच राहिले आणि महाराष्ट्रात अनुसूचित जातींत समाविष्ट असलेल्या समाजाचे काम म्हणून त्यास 'तंत्र' हे नाव कधी मिळाले नाही. सुताराने लाकडाचा नांगर सोडून लोखंडाचा सुटा भाग हाती घेतला. बुरुडाच्या सुरीला मात्र कारखान्याचे दार उघडले नाही.

कायद्याचा अडसर

सामाजिक अंतरास कायद्याचीही जोड मिळाली. भारतीय वन अधिनियम, १९२७ याने वृक्षाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. कायद्याच्या दृष्टीने ते झाड ठरले. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर येथेही तीच चौकट आली. त्यामुळे शेताच्या बांधावरील बांबू तोडून नेतानाही परवान्याचा प्रश्न उभा राही. शेजारच्या कर्नाटकात, दांडेलीच्या कागद गिरणीस वनातील बांबू अत्यल्प दराने मिळत असताना टोपल्या विणणाऱ्यांना तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे, ही विसंगती माधव गाडगीळ यांच्या अभ्यासातून पुढे आली.

वनहक्क अधिनियम, २००६ याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. त्यानुसार २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात मिळाला. वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला जाण्यास मात्र २०१७ साल उजाडले. तथापि, सर्व दोष कायद्याच्या माथी मारणे इतिहासास धरून होणार नाही. पोलादी सायकल खरोखरच टिकाऊ होती, दोन माणसे आणि दुधाचे कॅन वाहून नेणारी होती आणि तिचा सुटा भाग गावोगाव मिळत होता. खेरीज बांबूचा सांधा पक्का करणारी कृत्रिम राळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपलब्धच नव्हती.

बिनगिअरच्या सायकलीचे आकर्षण

येथे गिअरचा प्रश्न येतो. गिअर बदलण्याची सोय विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे. तरीही फ्रान्समधील 'टूर द फ्रान्स' शर्यतीत साखळी सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेस १९३७ पर्यंत मुभा नव्हती. घाटाच्या पायथ्याशी स्पर्धक उतरून मागील चाक उलटे बसवीत, कारण चाकाच्या दोन बाजूंना वेगळ्या दात्यांची चक्रे असत. भारतात तर सर्वसामान्यांची सायकल म्हणजे बिनगिअरचीच सायकल. २८ इंची चाक, पुढे ४४ व मागे १८ दाते असे प्रमाण धरल्यास पायडलाच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पंचगंगेच्या सपाट काठाने हे प्रमाण सुखाचे आहे. कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवरील पन्हाळ्याच्या चढावर, जेथे शहराच्या मानाने ४०० मीटरांच्या आसपास उंची गाठावी लागते, तेथे स्वार दमतो आणि अखेर उतरून चालू लागतो.

तरीही गिअर परवडणाऱ्या वर्गातील काही स्वार आज स्वेच्छेने बिनगिअरच्या सायकलीकडे वळताना दिसतात. त्यामागे केवळ जुन्याची ओढ नाही. एकच साखळी, एकच चक्र आणि कमी तारा असलेल्या यंत्रात काय बिघडले हे पाहताक्षणी कळते. चढ आला की यंत्र तडजोड करीत नाही, स्वाराला करावी लागते. त्यामुळे रस्त्याचा उंचसखलपणा पायांना कळतो. ज्यांच्यापाशी दुसरा पर्याय नव्हता, त्या दूधवाल्यांची आणि कामगारांची हीच सायकल होती, हे मात्र विसरता येणार नाही. एकाची निवड ही दुसऱ्याची सक्ती होती.

घरची बांधणी आणि दोन विद्यांची भेट

घरी बांधलेल्या बांबू सायकलीत या दोन्ही परंपरांची गरज भासते. किमान तीन वर्षांचा जून बांबू निवडावा लागतो. त्यातील पिष्टमय अंशामुळे भुंगेरा लागतो, म्हणून तो टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून सावलीत हळूहळू वाळवावा लागतो. घाईने वाळविलेला बांबू तडकतो. हा पूर्वार्ध बुरुडाच्या जाणिवेचा. त्यानंतर जुन्या सायकलीतून हँडलची नळी, पायडलचा आस बसणारे नळकांडे आणि मागील चाकाच्या खाचा कापून घ्याव्या लागतात, त्या एका प्रतलात अचूक बसवाव्या लागतात. हा उत्तरार्ध मेस्त्रीचा. बांबूची टोके कानशीने गोलाकार घासून जोडावर ताग वा अन्य तंतू राळेत भिजवून घट्ट गुंडाळले जातात. बिनगिअरची रचना येथे उपयुक्त ठरते. चाक खाचेत पुढे-मागे सरकवून साखळीचा ताण साधता येतो आणि गिअरचे भाग व तारा अडकविण्यासाठी सांगाड्यावर जादा जोड द्यावे लागत नाहीत. ही सायकल सर्वस्वी नैसर्गिक असल्याचा दावा मात्र टिकणारा नाही. राळ रासायनिक आहे आणि चाके, साखळी, ब्रेक कारखान्यातीलच आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, कोल्हापूर परिसरात बांबू आणि सायकल यांची भेट लांबण्यास योग्य राळेच्या अभावाइतकेच कामाच्या प्रतिष्ठेविषयीचे सामाजिक समज आणि बांबूवरील कायदेशीर नियंत्रण कारणीभूत होते. दोन, बिनगिअरच्या साध्या सायकलीने या भागात यंत्रविद्येचा प्रसार केला, कारण ती उघडता येत होती. तीन, कायद्याचा अडसर बऱ्याच अंशी दूर झाला असला तरी ज्ञानाच्या श्रेयाचा प्रश्न शिल्लक आहे.

बांबू सायकल ही शहरी हौसेची वस्तू म्हणून वाढली आणि बुरूड केवळ कच्चा माल पुरविणारा राहिला, तर लोखंडाच्या बाबतीत कोल्हापुराने जे साधले ते बांबूच्या बाबतीत हातचे जाईल. प्लॅस्टिकच्या सुपांनी आणि टोपल्यांनी ज्याचा बाजार नेला, त्या कारागिराची पुढची पिढी हे काम सोडत आहे. तिच्या हातातील जाण तंत्रनिकेतनांच्या व महाविद्यालयांच्या कार्यशाळांत शिक्षक म्हणून मानाने आली, तरच उद्यमनगराच्या इतिहासाला बांबूचे प्रकरण जोडता येईल.