धुळीची पायली

फुलचूर-गोंदियाच्या मंडळींना माप म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. धानाच्या ह्या मुलखात १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यापूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळेलच असे नव्हते. आणि पायली ज्याच्या हाती, त्याच्या पदरात चार दाणे अधिक पडत. हवेतील धुळीच्या मापाचाही इतिहास असाच आहे. मात्र तेथे दाण्यांच्या जागी कामगारांची फुफ्फुसे होती.

ह्या इतिहासाचा मोठा भाग दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत घडला. तेथील गारेचा खडक फोडताना उडणाऱ्या धुळीने माणसे सिलिकोसिसने खंगून मरत. आरंभी हवा साखर भरलेल्या नळीतून ओढीत, मग साखर पाण्यात विरघळवून उरलेली धूळ तोलीत. युक्ती नामी, पण तोलण्यात एक गोम होती. दहा मायक्रॉनचा एक कण एक मायक्रॉनच्या हजार कणांइतका भरतो. जाड धूळ नाकाघशातच अडकते. छातीत खोल उतरते ती बारीक, आणि तिचे वजन तराजूला जाणवतही नाही. म्हणून १९१६ मध्ये खाणखात्याचे अभियंते रॉबर्ट कोत्झे ह्यांनी कोनिमीटर काढले. चिकट काचेवर हवेचा झोत आपटायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. अमेरिकेत १९२२ मध्ये ग्रीनबर्ग व स्मिथ ह्यांनी हवा पाण्यात सोडून त्यातले कण मोजले. इंग्लंडात १९३५ मध्ये ग्रीन व वॉटसन ह्यांचे यंत्र आले. त्यात तापल्या तारेपासून धूळ दूर सरून थंड काचेवर बसे.

एकाच खाणीत तिन्ही यंत्रे लावली तर आकडे तीन! प्रत्येकाची चाळण वेगळी, मोजणाऱ्याचा डोळाही वेगळा. आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाने १९३० च्या ऑगस्टात जोहान्सबर्गला परिषद भरविली, तेव्हा रोगाविषयी वैद्यांचे पुष्कळ जुळले. पण देशोदेशीचे धुळीचे आकडे एका रांगेत मांडता येईनात. १९५९ मध्ये त्याच शहरी पुन्हा परिषद भरली, आणि छातीत उतरणारी धूळ म्हणजे कोणती ह्याची व्याख्या ठरली. पाच मायक्रॉनच्या कणांपैकी निम्मे धरायचे, सातांच्या वरचे जवळजवळ सगळे सोडायचे, आणि उरेल ते तोलायचे. म्हणजे तराजू परत आला, पण आधी चाळून.

तरीही प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतला फरक राहतोच. कागद दमट असताना तोलला की वजन वाढते. आमच्याकडच्या श्रावणात हे कोणाला सांगायला नको! म्हणून अमेरिकेत १९७२ पासून ठराविक धूळ घातलेले कागद अनेक प्रयोगशाळांना, आत किती आहे ते न सांगता, धाडू लागले. उत्तरे ताडून पाहिली की कोणाचा हात कोठे घसरतो ते कळते.

आपल्याकडे भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्याला जी दुरुस्ती झाली तिने धुळीच्या मर्यादा घातल्या. तिच्यात दोन्ही पायल्या शेजारी नांदत होत्या. धुळीत शेकडा १८ क्वार्ट्झ असेल तर एका हिशेबाने घनमीटरला सुमारे ३७८ दशलक्ष कण चालत, दुसऱ्याने छातीत उतरणारी धूळ अर्धा मिलिग्रॅम. दोन्ही आकडे क्वार्ट्झच्या टक्केवारीवर अवलंबून. आणि ती टक्केवारी सांगणार पुन्हा प्रयोगशाळाच.

आता आपल्या राईस मिलांकडे या. धानाचे तूस जाळले की सुमारे पाचवा हिस्सा राख उरते, आणि ती बहुतेक सिलिकाच. जिल्ह्यातील एका मिलमध्ये आमच्यापुढे अहवाल ठेवण्यात आला: धूळ मर्यादेत. यंत्र कोठे लावले होते म्हणून विचारले, तर दाराबाहेरच्या ओट्यावर! आम्ही तीन गोष्टी मागितल्या. बॉयलरची राख ओढणाऱ्या गड्याच्या गळ्याशी नळी लावावी. पूर्ण पाळीभर हवा ओढावी. आणि त्याच पाळीतला दुसरा कागद दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीसाठी पत्रव्यवहार चालू आहे.