पहिले मंत्रिमंडळ आणि आमची मोजणी

११ नोव्हेंबर हा मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस. २००८ पासून तो राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आमच्या उर्दू शाळेत मौलानांची तसबीर टेबलावर मांडतात आणि मुले पाठ केलेली तक्रीर म्हणून दाखवतात. २०२४ च्या शिक्षण दिनी नववीतल्या एका मुलाने मध्येच विचारले, "सर, अब अपने कितने वज़ीर हैं?"

आम्हांला खरे तेच सांगावे लागले. त्या वर्षी जूनमध्ये शपथ घेतलेल्या ७२ जणांच्या केंद्रीय मंत्रिपरिषदेत एकही मुसलमान नव्हता. वर्ग गप्प झाला. मग आम्ही फळ्यावर १५ ऑगस्ट १९४७ ची यादी लिहिली.

त्या यादीआधी वर्षभरापूर्वीचे हंगामी सरकार सांगणे भाग होते. २ सप्टेंबर १९४६ रोजी ते स्थापन झाले आणि २६ ऑक्टोबरला मुस्लिम लीगचे पाच सदस्य त्यात आले. लियाकत अली खान यांच्याकडे अर्थखाते होते. मोजणीच्या दृष्टीने पाहिले तर आमची बाजू तेव्हा भक्कम होती. पण दोन्ही गट आपापली फौज घेतल्यासारखे बसले आणि कारभार अडला. वर्ष उलटायच्या आत देश दुभंगला.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात नेहरू धरून १४ जण होते. ते निव्वळ काँग्रेसचे नव्हते. कायदा खाते सांभाळणारे डॉ. आंबेडकर शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे, उद्योग व पुरवठा खात्याचे श्यामाप्रसाद मुखर्जी हिंदू महासभेचे, तर संरक्षण खात्याचे सरदार बलदेव सिंग अकाली. व्यापार भाभांकडे, म्हणजे एका पारशी गृहस्थांकडे होता. आरोग्य राजकुमारी अमृत कौर पाहात. आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळही त्यात होते. मुसलमान दोनच होते, शिक्षण खात्याचे मौलाना आझाद आणि दळणवळण खात्याचे रफी अहमद किडवाई.

दोनच! पण त्यांच्याकडे काय होते ते पाहावे. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. त्या निरक्षर देशाचे शिक्षण एका मौलवी घराण्यातल्या माणसाकडे सोपवले होते. १९५१ मध्ये खरगपूरची पहिली आयआयटी, १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग, १९५४ मध्ये साहित्य अकादमी ही सारी त्यांच्या कारकिर्दीतली. किडवाईंकडे १९५२ मध्ये अन्न खाते आले. त्यांनी धान्यावरची नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठवली. दुकानात मोकळेपणी गहू मिळू लागला तेव्हा तो कोणत्या धर्माच्या मंत्र्यामुळे मिळाला, हे घेणाऱ्याने विचारले नसेल.

पुढेही ही रीत टिकली. मुंबईचे न्या. छागला १९६३ मध्ये शिक्षणमंत्री झाले व नंतर परराष्ट्रमंत्री. १९८९ मध्ये मुफ्ती मोहम्मद सईद गृहमंत्री झाले. २००६ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालय निघाले आणि आपल्या कोकणचे बॅ. अंतुले त्याचे पहिले मंत्री झाले. त्या वेळी आम्हांला आनंद झाला. पण आज एक शंका छळते. आपले वेगळे खाते मिळाल्यावर साऱ्यांच्या खात्यांवरचा आपला हक्क आपणच विसरलो नाही ना? ६ जुलै २०२२ रोजी मुख्तार अब्बास नक्वी यांनी राजीनामा दिला आणि त्या खात्याच्या खुर्चीवरही मुसलमान उरला नाही.

राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाप्रमाणे पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती मंत्री नेमतात. त्यात कोणाचाही वाटा लिहिलेला नाही. २०२४ मध्ये सत्ताधारी आघाडीतून लोकसभेवर एकही मुसलमान निवडून आला नाही. म्हणजे दार तिकीटवाटपाच्या वेळीच बंद झाले होते. राज्यसभेची वाट मोकळी होती, तीही कोणी वापरली नाही. १९४७ मध्ये फाळणीच्या रक्तपातातही ज्यांनी विरोधी विचारांची माणसे एका टेबलाशी बसवली, त्यांच्यापुढे आजच्यापेक्षा सोपा काळ नव्हता. म्हणून "योग्य माणूस मिळाला नाही" हे उत्तर आम्हांला पटत नाही.

त्याचबरोबर वाचकहो, नुसत्या मोजणीने आपले समाधान होऊ नये. १९४६ चे पाच आणि १९४७ चे दोन यांतला फरक मुलांना समजावून द्यायला हवा. मागायचेच तर रेल्वे, शेती, अर्थ मागावे, आणि ते सांभाळण्याची तयारी शाळेपासून करावी.

तास संपताना आम्ही त्या मुलाला विचारले, "तुला कोणते खाते हवे?" तो म्हणाला, "पानी का." त्याच्या वस्तीत दिवसाआड पाणी येते. फळ्यावरच्या १४ नावांखाली आम्ही ते खाते लिहिले आणि त्या दिवशी फळा पुसला नाही.