पोकळ मुठीचा सुरा

माधवनगरचाच एक मित्र सध्या ऑनसाइट आहे आणि पुढच्या महिन्यात परत येतोय. येताना काय आणू, असं त्याने विचारल्याबरोबर आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधल्या एकाने सांगून टाकलं, "रॅम्बोचा चाकू आण." तोच तो. हातभर वाटेल असं पातं, पाठीवर करवतीचे दाते, आणि मुठीचं झाकण फिरवलं की आत काड्या, सुई-दोरा, गळ. झाकणावर होकायंत्रही. झालं, पुढचे दोन दिवस ग्रुपमध्ये नुसता धुरळा. केवढा घ्यायचा, कुठल्या कंपनीचा, विमानात चालतो का वगैरे वगैरे. (चेक-इनच्या बॅगेत चालतो, केबिनमध्ये नाही.) पण तो मुळात घ्यावा का, हे कोणी विचारलंच नाही. म्हणून हा लेख.

तर मंडळी, हा चाकू रॅम्बोचा नाही. 'फर्स्ट ब्लड' हा सिनेमा आला १९८२ मध्ये. त्यातला सुरा बनवला होता आर्कान्सामधल्या जिमी लाइल नावाच्या कारागिराने. पण पोकळ मुठीची कल्पना त्याच्या जवळपास वीस वर्षं आधीची. फ्लोरिडात ऑर्लँडोला बो रँडल म्हणून एक नामांकित चाकूवाले होते. १९६३ च्या सुमारास जॉर्ज इनग्रॅहम नावाच्या अमेरिकन सैन्यातल्या एका डॉक्टरने त्यांना सुचवलं, की मूठ पोकळ ठेवा, म्हणजे आत औषधाच्या गोळ्या आणि अडीअडचणीचं सामान राहील. त्यातून रँडलचं 'मॉडेल १८' निघालं.

तेव्हा व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर पडत होती. पाठीवरचे दाते हे लाकडासाठी नव्हतेच मुळी. पडलेल्या हेलिकॉप्टरचा पत्रा आणि प्लास्टिकची काच कापून बाहेर पडता यावं म्हणून ते होते. त्या दात्यांनी बाभळीची फांदी कापून बघा एकदा, दोन मिनिटांत अडकून बसतात. ज्या माणसाच्या अंगावरच्या कपड्यांशिवाय सगळं जळून गेलंय, त्याच्या हातात निदान दोन गोळ्या आणि चार काड्या राहाव्यात, एवढा साधा हिशोब होता त्यामागे. आपण सॅकमध्ये स्लीपिंग बॅग, मॅगी आणि पॉवर बँक घेऊन निघतो. आपली केस वेगळी.

सिनेमानंतर मात्र लाट आली. बक कंपनीने १९८४ मध्ये 'बकमास्टर' काढला, स्पेनच्या आयटोरने 'जंगल किंग' काढला, आणि त्यांच्या मागून स्वस्त नकलांचा पूर. आपल्याकडे रस्त्यावर मिळतात त्या या नकलाच.

आता थोडं इंजिनिअरिंग. (कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदाच उपयोग होतोय, करू द्या.) कुठल्याही सुरीचं पातं मुठीपाशी संपत नाही. त्याची एक शेपटी मुठीच्या आत जाते. तिला टँग म्हणतात. टँग मुठीच्या शेवटपर्यंत गेली असेल तर प्रश्नच मिटला. पण मूठ पोकळ ठेवायची तर टँग आखूड करावीच लागते, नाहीतर काड्या ठेवणार कुठे? समजा पातं नऊ इंची आहे आणि टोकाने काहीतरी उचकटताना वीस किलोचा जोर लागला. टँग साडेचार इंच आत असेल तर तिच्या टोकांवर ढोबळमानाने चाळीस किलोचा भार येतो. ती एकच इंच आत असेल तर तोच भार एकशे ऐंशी किलो होतो. स्वस्त नकलांमध्ये तर या एका इंचाच्या जागी एक बोल्ट आणि एक नट असतो. म्हणजे वाकणार, सैल होणार किंवा तुटणार, आणि तेही नेमकं जोर लावलेला असताना.

गंमत म्हणजे दोष पोकळपणाचा नाही. सायकलची नळी पोकळ असते, बांबू पोकळ असतो, दोन्ही मजबूत. दोष आहे सांध्याचा.

आणि हा सांधा आपल्या लोकांना शेकडो वर्षं माहीत होता, कारण आपली नेहमीची तलवार ही पोकळ मुठीचीच होती! २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली तेव्हा बघायला गर्दी झाली होती. तिथे किंवा कुठल्याही जुन्या शस्त्रांच्या दालनात जाल तेव्हा दोन मिनिटं तलवारींच्या मुठींपुढेही थांबा. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, बिचाऱ्या. मूठ लोखंडाची, दोन अर्धे भाग जोडून केलेली, आत पोकळी. पात्याची शेपटी आखूड, ती त्या पोकळीतच संपते. युरोपातल्या तलवारीत ती मुठीच्या पार टोकापर्यंत जाऊन तिथे ठोकून बसवलेली असते. आपल्याकडे पोकळीत लाखेसारखं मिश्रण गरम करून भरायचे आणि शेपटी आत बसवायचे. थंड झालं की दगड.

वरवर बघता हाही आखूड टँगच. मग चालायचं कसं? एकतर पोकळी रिकामी नसायची, गच्च भरलेली असायची. दुसरं, मुठीतून दोन लोखंडी जिभा पात्याच्या दोन्ही बाजूंवर उतरून त्याला धरून ठेवायच्या. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, तलवारीने कोणी काही उचकटत नव्हतं. घोड्यावरून ओढून कापायचं हे तिचं काम, आणि सांधा त्याच कामापुरता केलेला होता. शिवाय एक फायदा फुकटात. मूठ तापवली की लाख सुटते आणि पातं बाहेर येतं. पातं बदला, मूठ तीच. पोर्तुगीजांमार्फत आलेली युरोपियन पाती आपल्याकडच्या मुठींमध्ये बसली आणि 'फिरंग' तयार झाली, त्यालाही हीच सोय कामाला आली. आजच्या भाषेत प्लग अँड प्ले :)

दांडपट्टा तर त्याहून पुढचा. २०२४ मध्ये त्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र केलं, हे पेपरात वाचलं असेलच. त्याची मूठ पोकळ खरी, पण त्या पोकळीत जातो तो आपला हात, पार कोपरापर्यंत. पातं लांब, लवचिक आणि मुठीपासून पुढे आलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये रिव्हेट मारून घट्ट केलेलं. जोर मनगटावर न येता सगळ्या हातावर पसरतो.

मग मुठीत वस्तू लपवायची हौस आपल्याकडे नव्हती का? होती की. कच्छमधल्या भुजच्या नावाने ओळखलं जाणारं एक शस्त्र आहे, कुऱ्हाडीसारखा दांडा आणि पुढे सुऱ्याचं रुंद पातं. त्याचा दांडा पुष्कळदा पोकळ असतो. मागची गोळी फिरवून ओढली की आतून एक बारीक कट्यारवजा सुरी निघते. काही जुन्या परशूंमध्येही हाच प्रकार सापडतो. गुप्ती तर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी मुठीत सुरी लपवली आणि अमेरिकनांनी सुरीच्या मुठीत काड्या लपवल्या. असो.

हे झालं राजेरजवाड्यांचं. रोज पात्यावर पोट असणाऱ्यांचं काय? हंगामात आमच्या भागात ऊसतोडणी सुरू असते. बीडकडून टोळ्या येतात, आणि मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसं अवजाराच्या नावाने मोजली जातात, यावर वेगळा लेख होईल. पण तो कोयता हातात घेऊन बघा. पात्याची निमुळती शेपटी लाकडी मुठीत खोल ठोकलेली, मूठ चिरू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडं. कुऱ्हाड, कुदळ, टिकाव यांचं उलटं. तिथे लोखंडाला भोक आणि लाकूड त्या भोकात. म्हणजे पोकळी आहे, पण ती सामान ठेवायला नाही, लाकडाने भरायला आहे. रस्त्याकडेला भाता लावून बसणाऱ्या घिसाड्याला विचारा, मूठ पोकळ ठेवून देशील का. तो आधी तुमच्याकडे नीट बघेल.

या लोहारी अकलेच्या जवळ जाणारे दोन पोकळ सुरे आहेत. एक, ख्रिस रीव्हने १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत सुरू केलेला 'वन-पीस'. पोलादाच्या एका अखंड दांड्यातून पातं आणि पोकळ मूठ दोन्ही कोरून काढलेली. सांधाच नाही, तर तुटणार काय! किंमत अर्थातच तशी. दुसरा, कोल्ड स्टीलचा 'बुशमॅन'. एकाच पत्र्याचा मागचा भाग वळवून नळी केलेली, आणि त्या नळीत काठी ठोकली की भाला तयार. भाल्याच्या फाळाची ही पद्धत किती जुनी आहे हे मी सांगायला नको. कोणाला हौसच असेल तर पोकळमध्ये हेच दोन बघावेत.

आता कायदा, कारण ग्रुपमध्ये यावर कोणी एक अक्षर बोललं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं वगळली आहेत, म्हणून कोयता सुटतो आणि रॅम्बो अडकू शकतो. शिवाय सणासुदीला किंवा निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा इंच मोजत कोणी बसत नाही.

कायदा कटकटीचा वाटतो खरा, पण या भागात तो कसा आला हे माहीत असावं. १८५७ मध्ये कंपनी सरकारने दक्षिण महाराष्ट्रात लोकांकडची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली. तेव्हाच्या मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी ती द्यायला नकार दिला. नोव्हेंबरात फौज आली, गाव जाळलं, पुष्कळांना फाशी दिलं. शिकार आणि शिपाईगिरी करून जगणाऱ्या त्या माणसांना शस्त्र म्हणजे शो-ऑफ नव्हता. पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात सबंध देशाला लागू झालेला शस्त्र कायदा आला, आणि १९५९ चा कायदा त्याच वाटेवरचा.

आणखी एक. आमच्या ग्रुपची आवडती जागा म्हणजे सागरेश्वर. ते अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' या शब्दात चाकूही येतो. चांदोलीलाही तेच.

आणि खरं सांगू? सह्याद्रीत माणसं चाकू नसल्याने अडचणीत येत नाहीत. पाणी संपतं, वाट चुकते, मधमाश्या उठतात, उतरताना अंधार होतो. यातल्या कशालाही नऊ इंची पातं कामाचं नाही. दोन बाटल्या जास्तीचं पाणी, टॉर्च आणि शिट्टी कामाची आहे.

मित्राला मी कळवलंय ते असं. पातं चार इंच, करवतीचे दाते नकोत, टँग मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असावी. पावसात गंज चढतो आणि रात्री तेल लावायचा उत्साह कोणालाच नसतो, म्हणून स्टेनलेस. दोरी, लाकडाच्या ढलप्या, कांदा, काकडी, सगळं होतं. काड्या, सुई-दोरा आणि गोळ्यांसाठी घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी इथेच मिळते, ती मी घेऊन ठेवतो. सागरेश्वरला जायच्या दिवशी डबी बरोबर आणि चाकू घरी.