हसरा सूर्य आणि नम्र नकार

सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात दहा-बारा वर्षे गेली म्हणजे मनुष्य नकाराच्या भाषेचा जाणकार होतो. 'विनंती मान्य करता येत नाही', 'प्रकरण विचाराधीन आहे', 'योग्य वेळी कळविण्यात येईल' ही आमची रोजची शब्दसंपत्ती. म्हणूनच की काय, परक्या देशातील एका दोन शब्दी नकाराचा इतिहास वाचताना मला विशेष कुतूहल वाटले. 'नको, धन्यवाद' एवढाच तो नकार. आणि तो होता अणुविजेला.

1973 च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले तेव्हा डेन्मार्कची त्रेधा उडाली. त्या चिमुकल्या देशाची जवळजवळ सारी ऊर्जा परदेशी तेलावर अवलंबून होती. रविवारी मोटारी चालविण्यास बंदी करण्याची पाळी आली. अशा वेळी शासनाची आणि वीज कंपन्यांची दृष्टी अणुभट्टीकडे वळावी हे स्वाभाविकच होते. अणूची रचना उलगडणारा नील्स बोर याच भूमीचा. रिसो येथील अणुसंशोधन केंद्रही 1958 पासून चालू होते.

1974 मध्ये काही नागरिकांनी एक संघटना स्थापिली. तिच्या नावात 'विरोध' हा शब्द नव्हता. अणुशक्तीविषयी माहिती देणारी संघटना, एवढाच त्या नावाचा अर्थ. पुढे जे चित्र जगभर गेले, त्याचे बीज मला या नावातच दिसते.

ते चित्र 1975 च्या एप्रिलमध्ये ऑरहूस येथे तयार झाले. काढणारी आन लुंड ही एकवीस-बावीस वर्षांची तरुणी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी होती. चित्रकला हा तिचा व्यवसाय नव्हे. पिवळ्या पार्श्वभूमीवर तांबडा, हसऱ्या चेहऱ्याचा सूर्य. वर प्रश्न, 'अणुशक्ती?', खाली उत्तर, 'नको, धन्यवाद'. 1 मेच्या मेळाव्यासाठी प्रथम अवघे काही शे बिल्ले तयार करण्यात आले.

अणुशक्तीला विरोध करावयाचा तर कवटी, छत्राकार ढग, काळा रंग ही सामग्री कोणाही चित्रकाराच्या हाताशी होती. लुंडने ती दूर ठेविली. भीती घातली म्हणजे समोरचा मान फिरवितो. प्रश्न विचारला म्हणजे तो निदान क्षणभर थांबतो. शिवाय केवळ 'नको' म्हणणाऱ्यास 'मग हवे काय?' असे विचारण्याचा जगाला अधिकार असतो. त्याचे उत्तर चित्रातच होते: सूर्य. नकार आणि पर्याय एका वाटोळ्या बिल्ल्यात सामावले. (आमच्या कार्यालयात विजेच्या बचतीविषयी फलक लिहिण्याचे काम एकदा मजकडे आले होते. 'खोलीत कोणी नाही, मग पंखा कोणासाठी?' असा मसुदा मी वर पाठविला. 'भाषा अधिक ठाम असावी' या शेऱ्यासह तो परत आला!)

पुढे हा सूर्य पंचेचाळीसच्या आसपास भाषांत बोलू लागला. सुमारे दोन कोटी बिल्ले खपले असे सांगतात. त्या विक्रीतून चळवळीचा खर्च निघे. कोणा राजकीय पक्षाने वा व्यापाऱ्याने चिन्ह पळवू नये म्हणून त्याची रीतसर नोंदणीही करण्यात आली. ही दक्षता आम्हा कारकून मंडळींना मनापासून आवडावी.

तथापि चित्राने वीज निर्माण होत नाही. योहानेस यूल या अभियंत्याने 1957 मध्येच गेडसर येथे 200 किलोवॅटची पवनचक्की उभारली होती. दहा वर्षे चालून ती बंद पडली, कारण तेल स्वस्त होते. आता तिची आठवण झाली. ट्विंड येथील शाळांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी तीन वर्षे खपून 1978 मध्ये पन्नास मीटरहून उंच पवनचक्की उभी केली. तेथील पात्यांचे तंत्र पुढे लहान पवनचक्क्या बनविणाऱ्यांच्याही उपयोगी पडले. हे जर घडले नसते, तर तो सूर्य नुसताच हसत राहिला असता.

1976 मध्ये शासनाने अणुविजेचा निर्णय लांबणीवर टाकला आणि 29 मार्च 1985 रोजी संसदेने ती ऊर्जा-नियोजनातून वगळली. चेर्नोबिलचा अपघात त्यानंतर वर्षभराने घडला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. भयाने घेतलेला तो निर्णय नव्हता.

मात्र या कथेची दुसरी बाजू चळवळीच्या गौरवपर लेखांत सहसा येत नाही. तेल सुटले ते कोळशासाठी. ऐंशीच्या दशकात डेन्मार्कच्या विजेचा फार मोठा भाग कोळसा जाळून निघत होता, आणि त्या धुराचा उल्लेख बिल्ल्यावर नव्हता. वाऱ्याचा वाटा निम्म्यावर जाण्यास जवळजवळ चार दशके लागली. सूर्याने दिलेले वचन पाळले गेले, पण फार उशिरा. आणि मधल्या काळाची किंमत कोणी मोजली हा प्रश्न मला टाळता येत नाही.

कोपनहेगनसमोर, सामुद्रधुनीपलीकडे स्वीडनच्या बार्सेबेक येथे दोन अणुभट्ट्या होत्या. त्यांपैकी पहिली 1999 मध्ये बंद झाली, आणि पुढील वर्षी त्या संघटनेने आपले काम आटोपते घेतले. दुसरी 2005 मध्ये थांबली. 2025 मध्ये मात्र डेन्मार्कच्या शासनाने नव्या पद्धतीच्या लहान अणुभट्ट्यांचा अभ्यास करण्याचे ठरविले. आन लुंडच्या चित्रातील वरची ओळ आता तेथील शासनच विचारीत आहे.