हिवऱ्याची औषधी बाग

जुन्नरला येणाऱ्या शाळांच्या सहली शिवनेरी चढतात, नाणेघाट बघतात आणि वेळ उरलाच तर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड थाळ्या पाहून परततात. आंबेगावकडे वळल्या तर भीमाशंकर ठरलेलेच. याच जुन्नर तालुक्यात हिवरे येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी वनस्पतिउद्यान होते आणि तिथे औषधे तयार होत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. सांगण्यासारखे अवशेष समोर नाहीत, हे एक कारण. दुसरे असे की वनस्पतिउद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फुलझाडे, हिरवळ आणि बाके येतात. तसे काही हिवऱ्याला नव्हते.

वनस्पतिउद्यान ही मुळात कामाची जागा असते. सिंगापूरचे 1859 साली सुरू झालेले उद्यान आज लाखो लोक फिरायला म्हणून पाहतात. पण ब्राझीलच्या रबराचे झाड आग्नेय आशियात रुजवण्याचे आणि झाड न मारता त्याचा चीक काढण्याची पद्धत बसवण्याचे काम तिथे झाले. कलकत्त्याजवळचे कंपनी सरकारचे उद्यान 1787 सालचे. त्याच्यामागेही हिशेब होता : कुठले झाड कुठे वाढेल आणि त्यातून काय मिळेल.

मुंबई इलाख्यात हा उद्योग 1828 साली पुण्याजवळ दापोडीला सुरू झाला. जुन्या इंग्रजी कागदांत तिचे नाव ‘दापुरी’ असे येते. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याने तिथे बंगला बांधला होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात ती जागा सरकारकडे आली आणि बंगल्याभोवती बाग उभी राहिली. 1838 मध्ये या बागेवर डॉ. अलेक्झांडर गिब्सन याची नेमणूक झाली. हा स्कॉटलंडचा, शिक्षणाने शल्यवैद्य. त्याआधी दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर तो गावोगाव हिंडला होता. मुलूख, माणसे आणि रानातली झाडे यांची त्याची ओळख कचेरीत बसून झालेली नव्हती. हिवऱ्याची बाग त्याच्याच देखरेखीखाली होती.

हिवऱ्याला काय पिकत असे? सोनामुखी हे एक. तिची पाने रेचक म्हणून जगभर वापरली जात आणि व्यापारात ती मुख्यतः इजिप्त-अरबस्तानाकडून येत. दुसरे पीक अधिक नाजूक : खुरासानी ओवा. नावात ओवा असला तरी आपल्या ओव्याशी याचे नाते नाही. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला. खुरासानी ओवा मात्र सोलॅनेसी म्हणजे वांग्याच्या कुळातला. त्याच्या पानांचा अर्क वेदना आणि आचके कमी करण्यासाठी, झोप येण्यासाठी देत. त्यातली हायोसायमिन आणि हायोसिन ही अल्कलॉइडे धोत्र्यातही असतात. म्हणून ही वनस्पती प्रमाणात औषध आणि प्रमाणाबाहेर जहाल विष. विलायतेहून बोटीने यायला महिने लागत आणि वाटेत मालाचा कस कमी होई. इथल्या इथे ताज्या पानांचा अर्क काढता आला तर खर्चही वाचे आणि गुणही टिके. हिवऱ्याच्या अर्काचा उल्लेख त्या काळच्या औषधिग्रंथांत सापडतो.

इथे वर्गात सांगण्याजोगी एक गंमत आहे. आज नारायणगावचा टोमॅटोचा बाजार प्रसिद्ध आहे आणि आंबेगावच्या सातगाव पठारावरचा बटाटाही. टोमॅटो आणि बटाटा दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेले आणि दोन्ही त्याच वांग्याच्या कुळातले. मुलांना बटाट्याचे, धोत्र्याचे आणि वांग्याचे फूल शेजारी ठेवून पाहायला लावा. पाच पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या आणि आत पाच पुंकेसर, ही खूण त्यांची त्यांनाच सापडेल.

गिब्सनने 1847 ते 1850 या काळात बागेतल्या वनस्पतींची चित्रे एका चित्रकाराकडून काढून घेतली. तो पोर्तुगीज वंशाचा असावा एवढेच कळते. नाव कोणी लिहून ठेवले नाही. साहेबांची नावे झाडांच्या लॅटिन नावांत जाऊन बसली आणि पाकळीन् पाकळी न्याहाळणारा माणूस निनावी राहिला, याचे वाईट वाटते. दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आहेत. हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांवर 2002 साली सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. बाग इथे आणि तिची चित्रे तिथे, अशी ही वाटणी आहे.

बागेपेक्षा मोठे काम मात्र गिब्सनच्या हातून बागेबाहेर झाले. सह्याद्रीत आणि कोकणात हिंडताना त्याला दिसले की गोदीसाठी आणि जळणासाठी डोंगर उघडे पडत आहेत आणि पूर्वी वाहणारे झरे लवकर आटत आहेत. त्याने सरकारला तसे अहवाल लिहिले. 1847 मध्ये त्याला मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक नेमले गेले आणि 1860 पर्यंत तो त्या पदावर होता. पुढल्या वर्षी डॅल्झेल याच्याबरोबर त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

‘झाडे पाऊस आणतात’ असे आपण फळ्यावर सहज लिहितो. प्रकरण तितके सोपे नाही. झाड मुळांनी पाणी ओढते आणि पानांतून हवेत सोडते. म्हणजे ते पाणी खर्चही करते. पण चढावर रान असले की पालापाचोळ्यामुळे पाणी थबकते, मुरते आणि माती जागेवर राहते. उघड्या उतारावरून तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. झरे आटल्याचे गिब्सनचे निरीक्षण या बाजूने समजून घ्यायला हवे.

त्याच्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डोंगरातला महादेव कोळी शेतकरी भातरोपांसाठी राब भाजतो. त्यासाठी झाडाच्या फांद्या तोडाव्या लागतात. सरकारी नजरेला ही नासधूस वाटली. वनखाते वाढत गेले, 1865 आणि 1878 चे कायदे आले आणि राखीव जंगलात पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट गुन्ह्यात जमा होऊ लागली. गोदीसाठी तुटलेल्या सागाचा हिशेब राबाच्या फांदीकडून मागणे न्यायाचे नव्हते, असे मला वाटते. या हक्कांना कायद्याने मान्यता मिळायला 2006 साल उजाडावे लागले.

दापोडीची बाग 1865 मध्ये बंद झाली आणि गिब्सन 1867 मध्ये वारला. औषधी बागेची परंपरा शोधायची झाली तर ती आता आंबेगावच्या पश्चिमेला, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला सापडते आणि तिथे ती कोणी लावलेली नाही. 1985 साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात शेकरू राहते. आसपासच्या गावांच्या देवराया सरकारी वनखात्याहून जुन्या आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूला दुर्मिळ झालेल्या वनस्पती तिथे टिकून असल्याचे त्यांना आढळले. या डोंगरांतला हिरडा आजही कुटुंबांना रोख पैसा देतो : कोवळे फळ वाळवले की बाळहिरडा. आहुप्याच्या बाजूला उगम पावलेली घोड नदी खाली डिंभे धरणात साठते; जुने आंबेगाव, ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो, त्याच पाण्याखाली आहे.