खलबत्ता
कुटण्या-वाटण्याचे घरगुती साधन. खोलगट भांडे तो खल, हातातला दांडा तो बत्ता. सुंठ, वेलदोडे, मिरी कुटायला लोखंडी किंवा पितळी चालतो. ठेच्याला मात्र दगडीच हवा. पितळेत आंबट पदार्थ कळकतात. दगडी खल घेताना तो जड, बुडाशी सपाट आणि आतून किंचित खरबरीत आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. गुळगुळीत खल दिसतो छान, पण त्यात मिरी निसटत राहते. नव्या दगडी खलात भिजवलेले तांदूळ वाटतात. पहिले वाटण दगडाची कच मिसळून राखाडी निघते. ते टाकून, पांढरे येईपर्यंत पुन्हा वाटावे. मग जाडे मीठ व लसूण. दगडाला साबण लावू नये, वास धरतो. लोखंडी खल लगेच पुसून तेलाचे बोट फिरवावे, नाहीतर गंजतो.