गाळलेल्या जागा

घरांत मोठा, सपाट, नव्या धाटणीचा दूरचित्रवाणी-संच यावा, कौतुकानें त्यावर एखादी जुनी डी. व्ही. डी. लावावी, आणि जुन्या बुटक्या संचावर जें चित्र झकास दिसत असे तेंच येथें भुरकट व कांठाला दांते पडलेलें दिसावें, हा अनुभव एकविसाव्या शतकाच्या आरंभीं पुष्कळ देशांतील कुटुंबांनीं घेतला. कोणी दुकानदाराला दोष दिला, कोणी तबकडीला. खरा दोष, त्याला दोषच म्हणावयाचें तर, तेव्हां सत्तर वर्षांचा जुना होता. आणि त्याचें मूळ काटकसरींत होतें.

दूरचित्रवाणीचें चित्र आडव्या ओळींनीं रेखाटलें जाई. सेकंदाला पंचवीस चित्रें पाठविलीं तर हालचाल दिसे खरी, परंतु पडदा लुकलुके. पन्नास पाठवावीं तर तितका भार वाहून नेणें तत्कालीन लहरींना व यंत्रांना झेपण्यासारखें नव्हतें. यावर १९३० सालीं जर्मनींतील टेलिफुंकेन कंपनीचे फ्रिट्झ श्रोटर यांनीं, व दोन वर्षांनीं अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीचे रँडल बॅलर्ड यांनीं एक युक्ति काढली. आधीं पहिली, तिसरी, पांचवी अशा विषम ओळी पाठवावयाच्या. मग दुसरी, चौथी, सहावी अशा सम. पडदा पन्नास वेळां उजळतो, भार मात्र पंचवीस चित्रांचाच राहतो. मानवी दृष्टि आणि नळीच्या पडद्यावर क्षणभर रेंगाळणारा प्रकाश या दोहोंच्या साहाय्यानें दोन अर्धुकें एकत्र शिवलीं जात.

२ नोव्हेंबर १९३६ रोजीं बी. बी. सी.नें लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलें, तेव्हां दोन प्रतिस्पर्धी पद्धति आठवड्याच्या पाळीनें चालत. बेअर्ड यांची २४० ओळींची पद्धति पूर्ण चित्र एकदम पाठवी, मार्कोनी-ई. एम. आय. यांची ४०५ ओळींची पद्धति एकाआड एक ओळी पाठवी. १९३७ च्या आरंभींच बेअर्ड-पद्धति निकालांत निघाली. पुढें अमेरिकेनें ५२५ ओळी स्वीकारल्या, युरोपच्या बहुतेक देशांनीं ६२५. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें तेंहि ६२५ ओळींचेंच. ओळी वाढल्या, अर्धुक मात्र अर्धुकच राहिलें.

लहान पडद्यावर ही गोष्ट खपून जाई. तांबडी, हिरवी व निळी अशा तीन नळ्यांचे प्रक्षेपक धनिकांच्या दिवाणखान्यांत आले तेव्हां भिंतीएवढ्या पडद्यावर ओळी अक्षरशः मोजतां येऊं लागल्या. ईव्ह फरूजा या अभियंत्यानें पत्नी इसाबेल हिच्यासह १९७१ मध्यें कॅलिफोर्नियांत प्रयोगशाळा काढली होती. तेथून पुढें ‘लाइन-डब्लर’ या नांवानें गाजलेलीं यंत्रें बाहेर पडलीं. अमेरिकन पद्धतींत सेकंदाला सुमारें पावणेसोळा हजार ओळी उमटत; हें यंत्र त्यांच्या साडेएकतीस हजार करी. दुप्पट करणें सोपें. नवी ओळ कोठून आणावयाची हाच खरा प्रश्न होता. चित्राचा जो भाग स्थिर असेल तेथें मागचें अर्धुक जसेंच्या तसें बसवितां येई. जेथें माणूस धांवत असेल तेथें तें बसविलें तर त्याच्या कांठाला फणीचे दांते येत, कारण दोन अर्धुकांच्या मधल्या क्षणांत तो पुढें सरकलेला असे. तेथें वरखालच्या ओळी पाहून अदमास करावा लागे.

चित्रपटाची गोष्ट निराळी होती. त्याचीं सेकंदाला चोवीसच चित्रें असतात, व अमेरिकन दूरचित्रवाणीसाठीं त्यांचीं आळीपाळीनें तीन व दोन अर्धुकें केलेलीं असत. ही लय यंत्राला एकदां सांपडली कीं कोणतें अर्धुक कोणाचें जोडीदार हें नक्की ठरे. येथें अदमास कसला तो नव्हता. मधोमध फाटलेलें पत्र पुन्हां जुळवावें तसें मूळ चित्र पूर्णपणें परत मिळे. मात्र अशा यंत्राला हजारों डॉलर मोजावे लागत.

१९८७ मध्यें आय. बी. एम.नें आणलेल्या व्ही. जी. ए. पडद्यावर सेकंदाला साडेएकतीस हजारच ओळी उमटत, आणि त्याहि एकाआड एक नव्हे, सलग. म्हणजे धनिकांच्या प्रक्षेपकाला जो वेग विकत घ्यावा लागे, तो कचेरींतल्या कारकुनाच्या टेबलावर आधींच हजर होता! जपानांत १९९६ च्या अखेरीस व अमेरिकेंत १९९७ मध्यें डी. व्ही. डी. आल्यावर हौशी मंडळींनीं दोहोंची सांगड घातली. साधा संगणक दिवाणखान्यांत आणून ठेवावयाचा, त्याच्या पंख्याची घरघर सोसावयाची, व ओळी जोडण्याचें काम त्याच्याकडून करून घ्यावयाचें. कांहींनीं फावल्या वेळांत ‘डी-स्केलर’सारखीं सॉफ्टवेअर लिहिलीं आणि फुकट वांटलीं, ‘एफ-एफ-डी-शो’ त्यामागून आलें. या विद्येच्या प्रसाराचें श्रेय कारखानदारांइतकेंच या निनांवी रात्रपाळीवाल्यांचेंहि आहे.

ओळी जुळल्या, पण पुढचें गणित त्याहून अवघड निघालें. ६२५ ओळींच्या पद्धतीच्या डी. व्ही. डी.वरील एका चित्रांत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. हाय-डेफिनिशन पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. भागाकार बरोबर पांच येतो. अमेरिकन तबकडीवर ४८० च ओळी असतात, तिच्या बाबतींत बरोबर सहा. म्हणजे पांच घरांत एकाचेंच धान्य आहे, उरलेल्या चार घरांना त्यांतूनच वाढावयाचें आहे. शेजारच्या ठिपक्याची नक्कल केली तर तिरप्या रेघेला पायऱ्या पडतात. शेजाऱ्यांची सरासरी काढली तर सर्वत्र धुकें पसरतें. कांठ टोकदार करावे तर त्यांच्याभोंवतीं खोटी प्रभा दिसूं लागते. एके काळीं आइन्स्टाइन यांचे साहाय्यक असलेले हंगेरियन गणिती कॉर्नेलियस लांत्सोश यांचें नांव ज्या रीतीला मिळालें, ती टोकदारपणाकडे झुकते. १९८८ मध्यें डॉन मिचेल व अरुण नेत्रावळी यांनीं या तिन्ही दोषांचें मोजमाप जाणकार निरीक्षकांच्या डोळ्यांनींच करविलें, व त्यांचा मध्य साधणारें सूत्र दिलें. नेत्रावळी हे मुंबईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी, पुढें ते अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजचे अध्यक्ष झाले. घरगुती संगणकावरील चित्रें वाढविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्यें त्यांचें सूत्र अजून आढळतें.

या सर्व रीतींत एक प्रामाणिकपणा होता. जें ठाऊक नाहीं तेथें त्या धूसर होत. २०१४ मध्यें हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठांतील संशोधकांनीं शिकविलेल्या मज्जाजालाकडून चित्रें वाढवून दाखविलीं, आणि २०२३ मध्यें एन्व्हिडिया कंपनीनें तसली सोय घरगुती संगणकाच्या चित्र-कार्डावर आणली. असें जाल असंख्य चित्रें पाहून शिकतें, व येथें बहुधा काय असावें तें भरतें. ‘बहुधा’ या शब्दाची किंमत २०२० सालीं कळली. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तयार झालेल्या ‘पल्स’ या सॉफ्टवेअरला माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचें थोड्या ठिपक्यांचें चित्र देण्यांत आलें. त्यानें मोठें, रेखीव, पापणीपर्यंत स्पष्ट चित्र काढून दिलें. तें एका गोऱ्या गृहस्थाचें होतें.

मूळ वस्तु शिल्लक असेल तर हा फसवा मार्ग धरण्याचें कारण नाहीं. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही १९८७ ते १९९४ ची अमेरिकन मालिका फिल्मवर टिपलेली, पण जुळणी ५२५ ओळींच्या फितीवर झालेली होती. २०१२ पासून तिचीं निगेटिव्हें पुन्हां उतरवून सर्व भाग नव्यानें जुळविण्यांत आले. तिच्या मागून आलेल्या ‘डीप स्पेस नाइन’च्या संपूर्ण मालिकेवर तितका खर्च कोणी केला नाहीं, म्हणून तिचे चाहते डी. व्ही. डी. संगणकाला घालून मज्जाजालाकडून ती वाढवून घेऊं लागले.

घरच्या लग्नाच्या, मुंजीच्या जुन्या व्हिडिओ-फितीला निगेटिव्ह नसतेंच. तेथें आजोबांचा चेहरा म्हणजे कांहीं शें ठिपके, आणि तेहि दोन अर्धुकांत विभागलेले. संगणक त्यांना गुळगुळीत गाल व रेखीव डोळे देऊं शकतो, आणि ज्या नातवानें त्यांना पाहिलेंच नाहीं त्याला ते कोणाचे हें कळावयास मार्ग नाहीं. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां पाठ नीट लावले आणि तींत कोणी पदरची ओवी घालूं नये असेंहि बजावून ठेवलें. जाणते हौशी लोक त्याच बेतानें वागतात. अर्धुकें एकदां चुकीचीं जोडलीं गेलीं कीं तीं पुन्हां सोडवितां येत नाहींत. यास्तव प्रथम ती फीत ओळी न जोडतां, आहे तशी संगणकांत उतरवून घेतात, आणि मोठ्या पडद्यासाठीं वाढविलेली प्रत निराळी करून तिच्या नांवांतच ती वाढविलेली असल्याचें नमूद करतात.